कोमट पाणी

८ जानेवारी

बारक्या,

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

बाबा इस्पितळात आहेत. आज सहावा दिवस. न्यूमोनिया झालाय, ऑक्सिजन लावलाय. आधी नुसता ताप होता. आम्हाला वाटलं, गारठ्यात उभं राहून काम, बाधली थंडी. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अंथरुणात उठून बसले, दोन्ही हात डोक्याच्या वर धरले आणि भिंतीवर ब्रश फिरवल्यासारखे खालीवर करायला लागले. आईला म्हणाले, "बाई, खिडकी आतून नीट लावून घ्या, पाणी येईल." चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला गिऱ्हाईक समजले. तेव्हा उचलून नेलं.

वॉर्डातही एकच बडबड. "पाणी कोमट आहे. पाणी कोमट आहे." नर्सला वाटलं प्यायचं पाणी म्हणतायत. ती बिचारी तीनदा पेला बदलून आली.

तुला हे सगळं आधीच कळलं असेल, तर कुणाकडून, एवढं कळव. परवा आई गॅलरीत दबक्या आवाजात फोनवर बोलत होती. मी गेले तशी म्हणाली, "राँग नंबर." राँग नंबरला कुणी "जेवलास का" विचारतं?

आज डॉक्टरीणबाईंनी एक विचित्र चौकशी केली. म्हणाल्या, "काम काय करतात हे?" म्हटलं, खिडक्यांच्या काचा धुतो आम्ही बापलेक. घरं, दुकानं, चार मजल्यांपर्यंत. शिडी लावत नाही. व्हॅनमध्ये टाकी आहे, जमिनीवर उभं राहायचं, लांब दांड्याच्या टोकाला ब्रश, ब्रशातूनच पाणी येतं.

"गार की गरम?"

"हिवाळ्यात गरम. पाखरांची घाण, हॉटेलांच्या धुराड्याचा ओशटपणा गार पाण्याने निघत नाही."

त्यांनी पेन थांबवलं. "किती गरम?"

मी म्हटलं, "मला नक्की नाही सांगता येणार. ते सगळं माझ्या भावाने बसवलंय."

तर आता भावाने सांगावं. ती टाकी तू आणलीस कुठून? नवी होती, की कुणाची टाकाऊ, वरून रंग देऊन आमच्या गळ्यात मारलीस? मागच्या हिवाळ्यात पाणी कोमट यायला लागलं तेव्हा बाबा म्हणतच होते, हीटरमध्ये खोट आहे म्हणून. तू म्हणालास, "माझ्या कामात खोट नाही, कुणीतरी हात लावतंय." बाबांनी ते स्वतःवर घेतलं. "म्हणजे मी खोटा का रे?" आणि तू बॅग भरलीस. वर्ष होत आलं. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. ज्याचं काम चोख, तो दार आपटून कशाला जाईल?

ताई


१३ जानेवारी

बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे. गप्प बसणाऱ्याला कारण असतं, असं मी धरून चालते.

बाबांना खालच्या मजल्यावर हलवलंय, काचेच्या खोलीत. घशातून नळी घातलीय. बोलणं बंद. आम्हाला दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटं. आई आत जाते आणि त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहते. मी बाहेर थांबते. काचेवर आतल्या बाजूने बोटांचे ठसे आहेत, ते मोजत बसते. सवय.

कशाने झालं ते कळलं. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. पाण्यात वाढणारा एक जंतू असतो. उकळत्या पाण्यात जगत नाही, गार पाण्यात वाढत नाही. कोमट, साठलेलं पाणी त्याला मानवतं. ते पाणी प्यायल्याने काही होत नाही. त्याचे बारीक तुषार नाकातोंडावाटे छातीत गेले की होतं, त्यातही वय झालेल्यांना, पूर्वी विडी-सिगारेट ओढलेल्यांना. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. "तुम्हीही तेच तुषार घेतलेत, तुम्ही तरुण म्हणून निभावलं," म्हणाल्या.

म्हणजे ब्रशाखाली उभं राहून, मान वर करून, बाबांनी तो ओढून घेतला. तुला माहीतच आहे, वरचा कोपरा निघत नसला की ते थेट ब्रशाखाली जातात आणि सगळं तोंडावर घेतात. तू कितीदा ओरडायचास त्यावरून.

मी दोन दिवस डोकं लढवलं. आपल्या आवारात व्हॅनशेजारी कोण गाडी लावतं? शिडीवाला. हाच तो, जुन्या पद्धतीने बादली-फडकं घेऊन चढणारा, आपल्याला बघून दर वेळी "काचा धुताय की आंघोळ घालताय?" म्हणणारा. आपलं गरम पाणी आल्यापासून त्याची निम्मी दुकानं आपल्याकडे आली. तो आपल्याला पाण्यात पाहतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. काल सरळ जाऊन विचारलं, "आमच्या टाकीला हात लावलास का?"

तो शिडी पुसत होता. पुसतच राहिला. म्हणाला, "ताई, तुमच्या टाकीत काय घालायचं आणि काय काढायचं, हे कळण्याएवढी अक्कल असती तर मी शिडीवर कशाला चढलो असतो?" मग विचारलं, "म्हातारा कसा आहे?" म्हटलं, घशात नळी आहे. तर म्हणाला, "तुमची या आठवड्याची कामं मी करून देतो. गार पाण्याने. गिऱ्हाइकं तुमचीच राहतील, घाबरू नका."

यात त्याचा काय डाव आहे ते अजून कळलेलं नाही.

उद्या-परवा आरोग्य खात्याची माणसं टाकी बघायला येणार आहेत. त्यांनी मला विचारलं तर मी जे खरं आहे ते सांगणार: मला त्यातलं काही कळत नाही.

ताई


१७ जानेवारी

आरोग्य खात्याची बाई आली होती. एकटीच. हातमोजे, तोंडावर मास्क, कमरेला टॉर्च. मी चहा विचारला, नको म्हणाली. चहा नको म्हणणारा माणूस काहीतरी घेऊन जायलाच आलेला असतो.

टाकीचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. बोटाला बुळबुळीत थर आला. मला दाखवला. मग गाळण्या पाहिल्या. म्हणाली, "नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. काचेवर डाग राहू नयेत म्हणून तुम्ही पाणी इतकं गाळता की ते औषधही निघून जातं. म्हणून टाकी नीट तापवावी लागते. निदान साठ अंश. रोज. हे सांगितलं होतं का बसवणाऱ्याने?"

सांगितलं होतंस. झाकणावर आतून चिकटवलं होतंस, लाल अक्षरात, माझ्याच मार्करने. तो कागद तिथे नव्हता. मी तिला म्हटलं, "आठवत नाही."

मग ती गुडघ्यांवर बसली आणि टाकीच्या मागचा पांढरा डबा पाहिला. चार स्क्रू. टॉर्च मारून म्हणाली, "हे उघडलेलं दिसतंय. खाचा घासल्यात." स्क्रू काढले. आत डायल. चाळीसवर.

"हा इतका खाली कुणी ठेवला?"

बारक्या, तुला राग येईल, तरी सांगते. तिने विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "ज्याने बसवलं त्याने." तिने तुझं नाव विचारलं, पत्ता विचारला. मी दिला. तिने लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

बाबा तसेच आहेत. नळीतून घरघर येते.

ताई


२२ जानेवारी

तुझं पाकीट आलं. आत एवढा मोठा कागद आणि एकच ओळ.

"डायल कितीवर होता?"

बाबा कसे आहेत नाही. आई कशी आहे नाही. म्हणजे आईकडून कळतंच तुला. मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आईसमोर धरला. म्हटलं, "दर रविवारी बोलतेस ना त्याच्याशी? सांगून टाक."

आई भांडी घासत होती. नळ बंद केला, हात पुसले. म्हणाली, "दर रविवारी नाही, रोज. माझा मुलगा आहे तो. तुला घाबरून मी गॅलरीत उभी राहून बोलते, थंडीत, आणि तू मलाच विचारतेस?"

"मला घाबरून?"

"तू विचारतेस ना, तेव्हा माणसाला आपण चोर असल्यासारखं वाटायला लागतं. न चोरता."

मी खोलीत येऊन तुला शिव्यांनी भरलेलं पत्र लिहिलं. तीन पानं. उंटावरून शेळ्या हाकतोस, बाप मरायला टेकलाय आणि तुला डायल सुचतो, वगैरे. मग ते परत वाचलं. त्या तीन पानांत तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात वर्षभर भर दुपार होती.

डायल चाळीसवर होता. साठवरून चाळीसवर मी आणला.

मागच्या वर्षी, याच महिन्यात. वाचनालयाची काच. तू आणि बाबा पलीकडच्या गल्लीत होतात, मी एकटी. सकाळी सगळीकडे दहिवर गोठलेलं. जुन्या चौकटीची ती मोठी काच, बर्फासारखी गार. मी दांडा उभा केला आणि गरम ब्रश थेट लावला. आधी वरून चौकट भिजवायची, मग काचेवर हळूहळू यायचं, हे तू शंभरदा सांगितलं होतंस. मला घाई होती. टक् असा आवाज आला. फार मोठा नाही. बोट मोडल्यासारखा. कोपऱ्यातून एक रेघ निघाली आणि माझ्या डोळ्यांसमोर तिरकी खालपर्यंत गेली.

ग्रंथपाल बाई बाहेर आल्या. मी म्हटलं, "ही आधीपासूनच होती, धूळ निघाली म्हणून आता दिसली." त्या चष्मा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असेल बाई, मी कधी नीट पाहिलीच नाही." एवढं सोपं होतं.

का केलं, ते तू विचारणार नाहीस, पण सांगते. तू एकोणीस वर्षांचा असताना तुझ्या हातून दवाखान्याची काच फुटली होती. बाबांनी रस्त्यात, सगळ्यांसमोर तुला जे ऐकवलं ते मी व्हॅनमध्ये बसून ऐकलं होतं. महिनाभर तुला दांडा धरू दिला नव्हता. मला वाटलं, मुलीच्या हातून फुटली तर कायमचाच काढून घेतील. आधीच सगळे म्हणायचे, हे काय बाईमाणसाचं काम.

त्या दिवशी घरी आल्यावर स्क्रू काढले आणि डायल खाली केला. काच पुन्हा तडकू नये, एवढंच होतं मनात. तुझा लाल कागद झाकणावरून काढला, कारण तो रोज समोर दिसायचा. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "पाणी कोमट येतंय, हीटर गेला वाटतं." तेव्हा सांगायचं होतं. मी म्हटलं, "बारक्याला विचारा." बस्स. पुढचं तुम्ही दोघांनी केलं, मी नुसती ताटावर मान खाली घालून बसले होते.

तू "कुणीतरी हात लावतंय" म्हणालास तेव्हा माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तुझ्या डोक्यातच नव्हतं ते. बाबांच्याही नव्हतं. माझ्यावर कुणीच संशय घेतला नाही, म्हणून मी सगळ्यांवर घेत सुटले.

जंतूंचं मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ते माझ्या बाजूने म्हणून वाचू नकोस. तू लिहून चिकटवलं होतंस.

तुझी बहीण


५ फेब्रुवारी

बारक्या,

नळी काढली. बाबा स्वतः श्वास घेतात. वजन इतकं उतरलंय की चादरीखाली कुणी आहे की नाही ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. पण जगतील म्हणाल्या डॉक्टरीणबाई.

मी काय काय केलं ते सांगते, कारण तुझं नाव त्यात गुंतलंय.

आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले. ती बाई तिथेच होती, समोर फायलींचा ढीग. म्हटलं, माझा जबाब खोटा आहे, डायल मी फिरवला. तिने पेन ठेवलं. रागावेल असं वाटलं. म्हणाली, "मला वाटलंच होतं. मी स्क्रू काढताना तुम्ही डब्याकडे बघतच नव्हतात." नवा जबाब लिहून घेतला. तुझं नाव जिथे होतं तिथे आडवी रेघ मारली आणि शेजारी मी सही केली. आता जे काही येईल, नोटीस, कारवाई, ते माझ्या नावावर येईल.

मग गिऱ्हाइकं. हिवाळ्यात ज्यांच्याकडे गरम पाणी वापरलं त्या सगळ्यांकडे, दारोदार. एकतीस घरं, नऊ दुकानं. "आमच्या पाण्यात दोष होता, घरात कुणाला ताप, खोकला आहे का?" एकीने तोंडावर दार लावलं. बेकरीवाला म्हणाला, "आता पुन्हा इकडे फिरकू नका." कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर दारात येऊन एवढे खोकले की मी तिथेच पायरीवर बसले. म्हणाले, "हा खोकला तुमच्या बाबांपेक्षा जुना आहे, आत या." नंतर ते तपासून आले, काही निघालं नाही. कुणालाच काही झालं नाही. सगळं बाबांनीच घेतलं, तोंड वर करून.

वाचनालयातही गेले. ग्रंथपाल बाईंना काच दाखवून सांगितलं. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "वर्षभर मी स्वतःला बोल लावतेय, इतकी वर्षं इथे बसून एवढी मोठी रेघ दिसली नाही म्हणून." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलताना मी त्यांचे डोळेसुद्धा त्यांच्याकडून काढून घेतले होते, हे मला कळलंच नव्हतं.

शेवटी बाबा. परवा दुपारी आई घरी गेली होती. मी सगळं सांगितलं. काचेपासून. त्यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच पाहत होते. संपल्यावर विचारलं, "बारक्याला माहीत आहे?"

"पत्र लिहिलंय."

मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून माझ्याशी बोलले नाहीत. नर्सला सांगतात पाणी दे, आईला सांगतात उशी कर. मी समोर असते. मी उठून जात नाही.

ताई


२० फेब्रुवारी

बारक्या,

काल तुला फोन आला तेव्हा मी तिथे होते. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलेलं नाही, आणि आईलाही विचारणार नाही. पण इकडे काय चाललं होतं ते तुला दिसलं नसणार, म्हणून लिहिते.

चार दिवस फिजिओथेरपिस्ट त्यांना उभं करायला येत होता. बाबा नाहीच म्हणायचे. पायात जीव नाही, नंतर बघू, उद्या. काल तो वैतागून गेला. जेवणं झाली होती, वॉर्डात सगळे पेंगत होते. मी खुर्चीत बसले होते. बाबा एकदम म्हणाले, "फोन दे."

पंधरा दिवसांनी पहिला शब्द. मी फोन दिला. त्यांच्या बोटांना बटणं सापडेनात, म्हणून मी हात पुढे केला, तर तो झटकला. स्वतः लावला. तू उचललास. माझ्या नंबरवरून आलेला फोन तू उचललास, हे तेवढ्यातही माझ्या लक्षात आलं.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "थांब. आधी ऐक. मध्ये बोललास तर माझं राहून जाईल."

आणि फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी पाय पलंगाखाली सोडले. मी धावले, तर डोळ्यांनीच मागे सारलं. एका हाताने पलंगाची दांडी धरली. हाताच्या शिरा टरारल्या. मध्ये जो वेळ गेला ना, तुला वाटलं असेल फोन कटला. तेव्हा ते उठत होते. शेजारच्या पलंगावरचा माणूसही कोपरावर उठून बघायला लागला.

मग म्हणाले, "तू म्हणाला होतास, कुणीतरी हात लावतंय. बरोबर होतं तुझं. मी ऐकलं नाही. डबा उघडून बघायचं, ते नाही केलं, तुलाच वाकडं धरलं. पोराला घराबाहेर काढलं मी. चुकलो."

तू काहीतरी म्हणालास. त्यांनी मान हलवली.

"नाही, तिचं ती बघेल. मी माझं सांगतोय."

नंतर तू बराच वेळ बोलत होतास. ते फक्त हं, हं म्हणत होते. पाय लटलटत होते, पायजम्याच्या नाडीचं टोक हलत होतं. मी दोन्ही हात पुढे धरून उभी, पडले तर धरायला. ते पडले नाहीत.

फोन ठेवल्यावर मी त्यांना बसवलं. घामाने पाठ भिजली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, बसून बोलला असतात तरी चाललं असतं. त्याला काय दिसणार होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांनी, नीट.

"पोराची माफी मागायची आणि ती गादीवर लोळत?" म्हणाले. "तूही मागशील तेव्हा उभी राहून माग."

हे पत्र मी उभ्याने लिहिलंय, वॉर्डातल्या खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून. अक्षर वाकडंतिकडं आलंय. समजून घे.

ताई